नुक्तेनानांची उमेदवारी

नाना कोरे यांनी लिहिलेल्या अर्जाच्या शेवटी अर्जदाराचा अंगठा असे, अंगठ्याखाली तारीख आणि तारखेखाली नुक्त्यांची बेरीज. ‘जुमला नुक्ते एकशे सदुसष्ट’ असे लिहून ते त्याखाली एक आडवी रेघ ओढत, म्हणजे मागाहून कुणी एखादे टिंब वाढवू नये की पुसू नये. तहसील कचेरीत याची आधी थट्टा झाली, मग सवय झाली. एका नव्या तहसीलदाराने कारकुनाला बेरीज तपासायला बसवले. कारकुनाच्या मोजणीत एकशे सहासष्ट आले. नाना म्हणाले, पुन्हा मोजा. दुसऱ्या खेपेला एकशे सदुसष्ट आले. त्यानंतर कचेरीत त्यांचा अर्ज कुणी मोजला नाही.

भूमकडून तेरखेड्याला जाताना आमचा कसबा लागतो. निजामी अमलाची ती शेवटची वर्षे होती. लोक मराठी बोलत, कचेरी उर्दू लिही आणि या दोहोंच्या मधे, कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली घोंगडी टाकून नाना बसलेले असत. ते अर्जनवीस होते, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी सरकारच्या भाषेत लिहून देणारे. माझे घर त्यांच्या घरासमोर होते. सोलापूरच्या एका साप्ताहिकाला मी कसब्याची बातमीपत्रे धाडत असे, म्हणून ते मला बातमीदार म्हणत. गाव त्यांना नुक्तेनाना म्हणे. तोंडावरही म्हणे आणि त्यांना त्याचा राग नसे.

उर्दू न येणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्या लिपीत ब, न आणि त यांचा सांगाडा एकच असतो. खाली एक टिंब दिले की ब, वर एक दिले की न, वर दोन दिली की त. शब्दाच्या मधे खाली दोन टिंबे आली की तोच सांगाडा य होतो किंवा ई होतो. या टिंबाला नुक्ता म्हणतात. घाईने लिहिणारे नुक्ते गाळत. त्या धावत्या लिखाणाला शिकस्ता म्हणत आणि ते येणे ही हुशारी मानली जाई. वाचणाऱ्याने अंदाजाने ओळखायचे, अशी रीत होती. वाचणारा आपल्या सोयीने ओळखत असे.

नानांचा याच्यावर कायमचा दावा होता. ते स्वतः आधी सगळा अर्ज बिननुक्त्याचा, एका दमात लिहून काढत. मग बोरू आडवा ठेवत, बोटे मोडत आणि दुसरा बारीक टोकाचा बोरू घेऊन एकेक नुक्ता ठेवायला लागत. त्या वेळी समोरच्याने बोलायचे नाही, खोकायचे नाही. कुणी रामराम घातला तर डावा हात वर होई. एकदा खुद्द तहसीलदारांची स्वारी कचेरीतून बाहेर पडली तेव्हाही तो हात तसाच वर झाला आणि स्वारी क्षणभर थांबली, असे सांगतात. मी ते पाहिलेले नाही.

माश्यांशी त्यांचे वैर होते. शेजारी गुऱ्हाळ सुरू झाले की ते मांडीवर फडके पसरत आणि फडक्याखाली लिहीत. माशी बसली की अर्ज बदलतो, असे त्यांचे म्हणणे. कागदावर काळा ठिपका दिसला तर तो शाईचा की माशीचा हे ठरल्याशिवाय ते पुढे वाचत नसत.

या सगळ्याच्या समर्थनार्थ ते एक हकीकत सांगत. डोंगराकडच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याचे दोन बैल चोरीला गेले. ठाण्यात फिर्याद लिहिली गेली ती शिकस्त्यात. उर्दूत बैल आणि तेल यांच्यात फरक असतो तो पहिल्या अक्षराच्या नुक्त्यांचा. जमादार तपासाला वाडीवर गेला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, करडीचं का तिळाचं? शेतकरी म्हणाला, खिलारी. जमादाराने तसे लिहून घेतले. मग आसपासच्या घाण्यांची झडती झाली. बैल सापडले नाहीत, पण एक तेली दोन दिवस ठाण्यात बसून राहिला.

ऐकणारे हसत. नाना हसत नसत. “ह्यात हसण्यासारखं काय हाय?” ते म्हणत. “त्या तेल्याला इचारा.”

बोलण्यातही त्यांना नुक्ता लागे. सोयरिकीला आलेला पाहुणा ‘बघू, कळवतो’ म्हणाला की नाना विचारत, “ह्यात नुक्ता कुठं हाय?” तलाठी ‘होऊन जाईल’ म्हणाला की तोच प्रश्न. पुढे पुढे गावात हा प्रश्न सगळेच विचारू लागले. बायका भाजीवालीला विचारत. भोगीच्या दिवशी आमच्या घरून त्यांना बाजरीची भाकरी जाई. तिच्यावर तीळ एका बाजूला गोळा झालेले दिसले तर ते भाकरी फिरवून फिरवून पाहत आणि म्हणत, वहिनींचा हात शिकस्त्याचा आहे.

घरात ते एकटे असत. बायको फार पूर्वी बाळंतपणात वारली होती. पुन्हा लग्न केलेले नव्हते. मी कसब्यात आलो त्याआधीची त्यांची हकीकत मला याहून अधिक ठाऊक नव्हती आणि ती कुणी आपणहून सांगितलीही नाही.

त्यांच्या अर्जांनी गावाची काही कामे झाली होती. खालच्या आळीच्या विहिरीवर रहाट बसला तो त्यांच्या अर्जामुळे. सरकारी दौरा आला की कुंभारांना वेठीला धरून नेत. तेही नानांनी एकामागून एक अर्ज लिहून थांबवले. कुंभार अजून सांगतात की शेवटच्या अर्जात तीनशेच्या वर नुक्ते होते. फक्त एक अर्ज असा होता की जो ते दर वर्षी देत आणि ज्याचे काही होत नसे. तो त्यांच्या स्वतःच्या नावाचा होता. मागणी एवढीच की, टाउन कमिटीच्या जन्ममृत्यूच्या पुस्तकात प्रत्येक नाव नुक्त्यांसह लिहावे, लिहिलेले सांगणाऱ्याला वाचून दाखवावे आणि जुन्या नोंदींत जिथे नुक्ते नाहीत तिथे ते कमिटीसमोर लावून घ्यावेत. त्यावर दर वर्षी एकच शेरा येई, ‘शामिले मिसल’. म्हणजे फायलीला जोडा आणि पुढे काही करू नका. जुनी नोंद उघडायची तर कमिटीच्या मेंबराला तसा ठराव मांडावा लागे आणि मेंबर सगळे सरकारने नेमलेले होते. त्यांना नुक्त्यांत गोडी नव्हती.

मग एका वर्षी हुकूम आला की कमिटीतली एक जागा यापुढे लोकांनी निवडून द्यावी. दवंडी संपायच्या आत नानांनी उमेदवारीचा अर्ज लिहिला. स्वतःच्या हाताने लिहिला आणि शेवटी बेरीज टाकली.

गावाला आश्चर्य वाटले. आयुष्यभर सरकारला अर्ज करणारा माणूस अर्ज घेणाऱ्यांच्या रांगेत बसायला का निघाला, यावर पारापारावर तर्क चालले. न्हाव्याचे मत होते की घोंगडीवर बसून नानांचे पाय आखडले आहेत, त्यांना खुर्ची पाहिजे. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, कुंभारांनी भरीला घातले असेल. कुंभार म्हणाले, हेडमास्तरांनी. नानांच्या विरोधात आडतदार बाबा शेटे उभे होते. धिप्पाड आणि मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांनी चौकात दिवे आणि वेशीपर्यंत फरशी देण्याचे कबूल केले आणि आळीवार हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, पंगती घातल्या. पंगतीत ते वाढपी होऊन फिरत आणि म्हणत, “नाना गावाला टिंबं वाटायलाय. पोट भरतंय का बघा. न्हाय भरलं तर हिकडं या.”

नानांची प्रचाराची रीत वेगळी होती. ते घरोघर जात, घरातल्या प्रत्येकाचे नाव विचारत आणि कागदाच्या चिठोऱ्यावर ते नुक्त्यांसह लिहून देत. हे तुमचं नाव, एवढेच म्हणत. ज्यांना मत नव्हते त्यांनाही देत. कित्येकांनी ती चिठोरी देव्हाऱ्यात ठेवली. मत कुणाला देणार, हे नानांनी एकालाही विचारले नाही. मी त्यांच्या ध्यानात आणून दिले, तर म्हणाले, “त्ये त्यांनी सांगायचंय. म्या इचारलं तर त्ये व्हय म्हणतील. त्या व्हयात नुक्ता कुठं?”

मी साप्ताहिकासाठी त्यांची मुलाखत घेतली. उमेदवारी कशासाठी, असा माझा प्रश्न होता. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, “लिहा, नुक्त्यासाठी.” मी तसे लिहून धाडले. सोलापूरच्या छापखान्यात नुक्ता ही काय चीज आहे हे कुणाला ठाऊक नसावे. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने आपल्या अकलेने दुरुस्ती केली आणि अंक आला त्यात ठळक मथळा होता, ‘नाना कोरे यांची उमेदवारी मुक्तीसाठी’.

त्या वर्षांत निजामच्या मुलखात या शब्दाला काय अर्थ होता, हे सांगायला नको. अंक बार्शीवरून कसब्यात पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कधी न बोलणारे चार तरुण नानांच्या पाया पडून गेले. दुपारी ठाण्याचा शिपाई आला. नानांना बोलावणे होते आणि बातमी पाठवणारा म्हणून मलाही.

ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, वयस्क आणि शांत होते. नानांना ते ओळखत. मी जुळाऱ्याची चूक समजावून सांगितली. त्यांनी ती समजून घेतली, पण वरून चौकशी आली तर कागद हवा, असे म्हणाले. त्यांच्या मुन्शीने एका कागदावर समासात प्रश्न ओढले आणि तो नानांपुढे सरकवला. उत्तरे मी माझ्या हाताने लिहीन, एवढीच नानांची विनंती होती. ती मान्य झाली.

मुन्शी घाईत होता. त्याने समास शिकस्त्यात लिहिला होता. पहिला प्रश्न नावाचा, दुसरा बापाच्या नावाचा, तिसरा पेशाचा. चौथ्या जागी एकच शब्द होता, तीन दात्यांचा, म्हणजे तशाच तीन सांगाड्यांचा, एकही नुक्ता नसलेला. मुन्शीच्या मनात तो ‘नीयत’ होता, म्हणजे उमेदवारीमागचा हेतू. चौकशी त्याचीच होती. पण त्याच तीन दात्यांवर नुक्ते दुसरीकडे पडले तर तो शब्द ‘बिन्त’ होतो. बिन्त म्हणजे मुलगी. नाव, बाप आणि धंदा विचारून झाल्यावर सरकार मुलीचे नाव विचारत आहे, असे नानांना वाटले असावे. त्यांनी बोरू उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि लिहिले. मग बारीक बोरू घेऊन नुक्ते ठेवले आणि कागद परत दिला.

अमिनांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग मोठ्याने वाचला. बनी, उमर सहा साल, हैज्यात फौत, म्हणजे पटकीने वारली.

“मैंने नीयत पूछी थी,” ते म्हणाले.

नानांनी कागद वळवून घेतला आणि समासातल्या शब्दाकडे पाहिले. “नुक्ते नै थे, हुजूर.”

“ठीक है. अब बताओ. नीयत?”

नानांनी आपण लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवले. मग म्हणाले, “वहीच है, हुजूर.”

अमिनांनी मुन्शीला बाहेर जायला सांगितले. त्यांनी आणखी काही विचारले नाही. कागदावर काहीतरी लिहून सही केली आणि जा म्हणाले.

परतताना नानांनी मला सांगितले ते चार वाक्यांत मावणारे होते. बायको ज्या बाळंतपणात गेली त्यातली मुलगी जगली होती. पटकीच्या साथीत तीही गेली. कमिटीच्या पुस्तकात तिची नोंद आहे, पण तिच्यावर नुक्ते नाहीत; बनी वाचता येते तशी नबीही वाचता येते, आणखीही काही वाचता येते. तिचा दुसरा कागद कुठे नाही.

मी म्हणालो, पुस्तक रहीमसाबांच्या ताब्यात आहे. रहीमसाब कमिटीचे मोहरीर, म्हणजे कारकून, आणि नानांचे जुने स्नेही. ते डोळ्याआड करतील. दोन टिंबे तर द्यायची, एक खाली, एक वर.

नाना चालता चालता थांबले. “बातमीदार, चोरून लावलेला नुक्ता माशीचा असतो,” ते म्हणाले.

मतदान चावडीत झाले. ज्याला लिहिता येते त्याने चिठ्ठीवर नाव लिहावे, ज्याला येत नाही त्याने अधिकाऱ्याच्या कानात सांगावे आणि अधिकाऱ्याने लिहून पेटीत टाकावे, अशी पद्धत ठरली होती. लिहिता येणारे फार थोडे होते. जिल्ह्याहून आलेला पेशकार, म्हणजे साहेबाचा कारकून, टेबलाशी बसला. लोक वाकत, कानात नाव सांगत आणि पुढे जात. कोरे आणि शेटे अशी आडनावे कुणी सांगितली नाहीत. कसब्यात तशी पद्धत नव्हती. कुणी म्हणे नाना, कुणी म्हणे बाबा. पेशकार तेवढेच लिही. गर्दी होती, ऊन होते, पेशकाराला संध्याकाळच्या आत परतायचे होते आणि त्याचा हात शिकस्त्याचा होता.

उर्दूत नाना आणि बाबा यांचा सांगाडा एकच आहे.

मोजणी तहसीलदारांनी स्वतः केली. वर्षानुवर्षे अर्जांच्या समासात अर्जनवीस म्हणून एकच नाव वाचून त्यांच्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती. ते एकेक चिठ्ठी उचलत आणि नाना, नाना, नाना असे वाचत गेले. मधूनच एखाद्या शहाण्या मतदाराने स्वतः नुक्ते देऊन लिहिलेली चिठ्ठी येई, तेवढीच बाबा निघे. नाना कोरे निवडून आल्याचे जाहीर झाले. कुंभारांनी हलगी आणली. ज्यांनी बाबांची हुग्गी खाल्ली होती ते एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येकाला वाटले, बाकीच्यांनी दगा दिला. बाबा शेटे चावडीच्या पायरीवर बसून होते.

नानांच्या अंगावर गुलाल होता. त्यांनी तहसीलदारांना विचारले, चिठ्ठ्या पाहता येतील का. उमेदवाराला तो हक्क होता. त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर रांगेने मांडल्या, एखादी उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा ठेवली. मग घोंगडी मागवली, लिंबाखाली जाऊन बसले आणि अर्ज लिहिला. कुंभारांना वाटले, आभाराचा असेल. तो त्यांच्याच निवडीविरुद्ध होता.

तहसीलदारांनी तो दोनदा वाचला. आपण जिंकलो आहोत हे नानांना समजले आहे ना, अशी त्यांनी माझ्याकडे चौकशी केली. मी समजले आहे म्हणालो. पेशकाराला विचारले, तर किती जणांनी कानात नाना सांगितले आणि किती जणांनी बाबा, हे त्याला सांगता येईना. आठ दिवसांनी पुन्हा मतदान झाले. या वेळी दोन पेट्या होत्या, वेगवेगळ्या रंगांच्या, आणि कुणाला काही लिहायचे नव्हते. बाबा शेटे निवडून आले. निकाल सांगायला वेळ लागला नाही.

कुंभार चिडले. हातात आलेलं घालवलं, असे त्यांनी नानांना तोंडावर सुनावले. मीही विचारले, कारण त्या जागेवर काय अवलंबून होते हे मला ठाऊक होते. नाना बोरूचे टोक तासत होते. “बिननुक्त्याच्या मतावर बसून नुक्ते कसे मागू?” ते म्हणाले. त्या आठवड्यातही त्यांनी अर्ज लिहिले, बेरजेसकट.

कमिटीच्या पहिल्या बैठकीआधी बाबा शेटे लिंबाखाली आले. घोंगडीवर बसले नाहीत, समोर उकिडवे बसले. त्यांना ठराव लिहून हवे होते. उर्दू त्यांना येत नव्हती आणि गावात लिहिणारा दुसरा कोण होता? दिव्यांचा ठराव सांगून झाला, फरशीचा झाला. नानांनी दोन्ही लिहिले.

“आता तुमचं त्ये लिहा,” बाबा म्हणाले.

“माझं काय?”

“टिंबाचं. पुस्तकाचं. काय असंल त्ये. म्या मांडतो.”

नानांनी विचारले, का म्हणून.

“तुमी बसला होता त्या खुर्चीवर,” बाबा म्हणाले. “तुमीच उठला अन् मला बसीवलं. लोक काय म्हणत्यात ठाव हाय? म्हणत्यात, बाब्याला नान्यानं निवडून आणलं. आता लिहा गप. म्या हुग्गी वाटून दमलोय.”

नानांनी लिहिले. त्या दिवशी नुक्ते ठेवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

बैठकीत बाबांनी तिन्ही ठराव पाठ करून म्हटले. दिवे आणि फरशी पुढे ढकलली गेली, कारण त्यांना खर्च होता. नुक्त्यांना खर्च नव्हता. ठराव मंजूर झाला आणि पहिली दुरुस्ती आजच करा, असे बाबांनी आग्रहाने सांगितले. मेंबरांना घरी जायचे होते. ते म्हणाले, बाबांच्या देखत करा. रहीमसाबांनी कपाटातून जुने पुस्तक काढले. मी दाराशी बसलो होतो. नाना आत आले. त्यांनी धुतलेले धोतर नेसले होते.

रहीमसाब पाने उलटत साथीच्या आठवड्यापर्यंत आले आणि थांबले. ते पान इतर पानांपेक्षा वेगळे होते. अक्षर झोकदार होते, वेगाने धावत गेलेले, आणि पानभर कुठेही एक नुक्ता नव्हता.

“ये तो आपकीच लिखावट है, नाना,” रहीमसाब म्हणाले.

मग त्यांनीच आठवण करून दिली. त्या आठवड्यात रहीमसाब स्वतः अंथरुणाला खिळले होते. घरोघर माणसे जात होती. पुस्तक लिहायला कुणी तयार नव्हते तेव्हा नाना बसले होते. त्या काळी नानांइतका धावता शिकस्ता तालुक्यात दुसऱ्या कुणाला येत नसे.

नानांनी मान डोलावली. ते वाकून पानावर बोट फिरवत होते. वयाच्या रकान्यात सगळ्या लहानांपुढे एकच शब्द होता, मूल. आळीच्या आणि कारणाच्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत ऐजन, ऐजन, म्हणजे वरीलप्रमाणे. त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. मग चार ओळी खाली गेले आणि तिथेही थांबले. पुन्हा वर आले.

दोन्ही ओळींत तीन-तीन शब्द होते आणि ते टोकापासून टोकापर्यंत सारखे होते. पहिला बनी, दुसरा बिन्त. तिसरा बापाच्या नावाचा. तो नाना होता किंवा बाबा.

“बघितलं की वळखंल, असं वाटलं होतं,” नाना म्हणाले. ते कुणाला उद्देशून बोलत नव्हते.

बाबा शेटे त्यांच्या मागे उभे होते. त्यांना उर्दू वाचता येत नव्हते. रहीमसाबांनी त्यांना दोन्ही ओळी वाचून दाखवल्या, दोन्ही रीतींनी. बाबांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

“माझी बी बनीच,” ते म्हणाले. “तीन दिसात गेली. कुणी नोंद केली का न केली, म्या कवाच इचारलं न्हाय.”

बाबांनी पुन्हा दोन्ही ओळींकडे पाहिले आणि ते म्हणाले, “तुमी कोणतीबी धरा, नाना. म्या दुसरी धरतो.”

नानांनी खिशातून बारीक बोरू काढला. पहिल्या ओळीतल्या बनीला खाली एक नुक्ता दिला, वर एक दिला. बिन्तवर द्यायचे ते दिले. मग चार ओळी खाली गेले आणि तिथेही तेच केले, तितक्याच सावकाश. बोरू बापाच्या नावाशी आला तिथे थांबला. वरच्या ओळीत थांबला, खालच्या ओळीत थांबला.

“और बाप के?” रहीमसाबांनी विचारले.

नानांनी बोरू फडक्याला पुसला आणि बाबांकडे पाहिले.

“ऱ्हाऊ द्या तशीच,” ते म्हणाले. “दोघी दोघांच्या.”

बाबांनी मान डोलावली. शाई वाळेपर्यंत रहीमसाबांनी पुस्तक मिटले नाही.